जयंतीचं गाणं कुणाचं?

वाढदिवसाचं गाणं म्हटलं की आपल्याला एकच गाणं आठवतं. केक कापताना टाळ्या वाजवत म्हणायचं, चार ओळींचं. पण आमच्या महाडच्या खाडीपट्ट्यात, तुडीलपासून दासगावपर्यंत, एप्रिल उजाडला की वाढदिवसाची जी गाणी कानावर पडतात ती चार ओळींची नसतात आणि एकही नसते. ती शेकड्यांनी असतात, दरवर्षी त्यांत नव्याची भर पडते, आणि ज्या माणसाच्या वाढदिवसाची ती असतात तो माणूस १९५६ सालीच गेलेला आहे. मी बोलतो आहे भीमजयंतीच्या गाण्यांबद्दल. १४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात एखाद्या माणसाच्या जन्मदिवसावर गेल्या शंभर वर्षांत सर्वांत जास्त गाणी कुणावर रचली गेली असं कुणी विचारलं, तर मला दुसरं नाव सुचत नाही.

ही प्रथा सुरू झाली ती महाडच्या घटनेनंतर लगेच, हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली. तिला बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले, ते बाणकोटच्या खाडीतून दासगाव बंदराला उतरले आणि तिथून मिरवणुकीनं महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १९२८ ला, पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली जाहीर जयंती साजरी केली. बाबासाहेब तेव्हा सदतीस वर्षांचे होते. जिवंत, सदतीस वर्षांच्या, कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाची जयंती! आपल्याकडे जयंती देवांची, संतांची किंवा गेलेल्या राजांची. त्यामुळे हे त्या काळच्या लोकांना किती विचित्र वाटलं असेल याची कल्पना करा. पण ज्यांना तळ्याचं पाणी मिळत नव्हतं त्यांना त्यात विचित्र काही वाटलं नाही.

आता जयंती म्हटली की गाणं आलंच. आणि गाणं कुठून आणायचं? तयार साचे दोन होते. एक बायकांकडे होता, एक पुरुषांकडे.

बायकांकडचा साचा पाळण्याचा. रामनवमीला दुपारी बारा वाजता रामाचा पाळणा म्हणतात, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा, शिवजयंतीला शिवाजी महाराजांचा. पाळण्याची बांधणी अगदी ठरलेली. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं करत करत बाराव्या दिवशी नाव ठेवायचं आणि दर कडव्याला जो जोचं पालुपद. या बांधणीचा मोठा फायदा असा की जिला पुढचं कडवं येतं ती पुढे म्हणते, बाकीच्या पालुपद धरतात. पाठांतर नसलं तरी कुणी बाहेर राहत नाही. हाच पाळणा भीमरायाला लावला गेला. १३ एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला फुलांनी सजवलेल्या पाळण्यात तसबीर ठेवून बायका पाळणा म्हणतात, मग गोड वाटतात. आता कित्येक ठिकाणी केकही येतो आणि केकबरोबर ते चार ओळींचं इंग्रजी गाणंही येतं. पण मी पाहिलं आहे, केक कापून झाला की म्हाताऱ्या बायका पोरांना गप्प करतात आणि पाळणा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

पाळण्याच्या आधीची पायरी म्हणजे जात्यावरची ओवी. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा वेगळा साठा आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायिलेल्या ओव्या त्यांत आहेत. ज्यांना शाळेचा उंबरठा दिसला नाही अशा बायकांनी बॅरिस्टरावर रचलेलं हे काव्य. त्यात तो भाऊ असतो, बाप असतो, कधी सोन्याच्या चष्म्याचा साहेब असतो. इतिहासाच्या पुस्तकात जी माहिती नाही ती त्यात आहे, म्हणजे त्या माणसाकडे पाहून त्यांना काय वाटलं ती.

पुरुषांकडचा साचा जलशाचा. महात्मा फुल्यांच्या अनुयायांनी सत्यशोधक जलसे सुरू केले होते. तमाशाचीच माणसं, तीच ढोलकी, पण गवळण गेली आणि तिच्या जागी शाळा, सावकार, भट-भिक्षुकी यांवरची बतावणी आली. तिथून पुढे आंबेडकरी जलसा उभा राहिला. त्यात सर्वांत गाजला तो नाशिककडचा भीमराव कर्डक यांचा. कर्डकांनी १९७८ साली या जलशांवर स्वतःच पुस्तक लिहिलं, म्हणून आपल्याला आज बरंच कळतं. नाही तर हे सगळं हवेत विरलं असतं. आपली दहा भाषणं एका बाजूला आणि कर्डकांचा एक जलसा दुसऱ्या बाजूला, अशा अर्थाचं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगितलं जातं. नेमके शब्द काय होते ते राहू द्या. पण दिवे नसलेल्या गावात, रात्री टेंभ्याच्या उजेडात, मेलेलं जनावर ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे भाषणातून पोहोचत नव्हतं आणि गाण्यातून पोहोचत होतं यात शंका नाही.

आमच्या खाडीपट्ट्याला ही लिहिण्या-गाण्याची परंपरा जुनीच. गोपाळबाबा वलंगकर रावढळचे. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले, दापोलीत राहिले, आणि अस्पृश्यांची गाऱ्हाणी छापून सरकारदरबारी मांडली. पलटणीत वाचायला शिकलेली अशी माणसं महाड, दासगाव, दापोली या पट्ट्यात घरोघर होती. त्या घरांत पोथ्या होत्या, कबीराची भजनं होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार स्वतः कबीरपंथी. तेव्हा गाणी ऐनवेळी आकाशातून पडली नाहीत. भजनाची सवय होतीच, देव तेवढा बदलला. खरं तर देव काढून माणूस बसवला, आणि तिथेच एक अडचण सुरू झाली, तिच्याकडे मी नंतर येतो.

या गाण्यांचा सर्वांत मोठा कवी म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. भीमराव कर्डकांचं आणि त्यांचं आडनाव एकच, त्यामुळे लोक गल्लत करतात, पण माणसं दोन. वामनदादा मुंबईला आले ते निरक्षर. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले. मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचं विडंबन. तिथून १५ मे २००४ ला जाईपर्यंत हा माणूस गात हिंडला. त्यांच्या गाण्यांची संख्या हजारोंत सांगतात. घरदार असं नव्हतंच. ज्या गावात कार्यक्रम, ते गाव घर.

सिनेमाच्या चालीवर गाणं रचणं याला आपले साहित्यातले लोक नाकं मुरडतात. मला यात त्यांचा सोयीचा आळस दिसतो. चाल नवी केली तर ती शिकवायला वेळ लागतो, पेटीवाला लागतो, तालीम लागते. गिरणीतून पाळी संपवून आलेल्या माणसाला वेळ कुठला? चाल सगळ्यांना येणारी घेतली की शब्द तेवढे नवे. दुसऱ्या कडव्याला सगळी चाळ गायला लागते. इंग्लंडमध्ये १९७६-७७ साली पंक नावाचं संगीत आलं. फाटके कपडे, कर्कश गिटार, बेकार पोरं. त्या वेळच्या एका घरगुती पत्रिकेत गिटारवर बोटं कुठे ठेवायची याची तीन चित्रं छापली होती आणि खाली सांगितलं होतं की आता जा आणि आपला बँड काढा. संगीत शिकून मग गायचं नाही, म्हणायचं आहे म्हणून गायचं, हा त्यातला मुद्दा. रसिकांनीच पत्रिका काढायच्या, स्वतः छापायच्या, स्वतः विकायच्या. हे वाचलं तेव्हा मला चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला फुटपाथवर गाण्यांच्या चोपड्या मांडून बसलेली माणसं आठवली. सेक्स पिस्टल्स या त्यांच्या सर्वांत बदनाम बँडनं इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली त्या १९७७ सालीच राणीची रेवडी उडवणारं गाणं काढलं आणि बी.बी.सी.नं ते वाजवायचं नाकारलं. त्या बँडचा त्या काळातला इंग्लंडमधला शेवटचा दिवस होता २५ डिसेंबर १९७७. संपावरच्या अग्निशामक कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी हडर्सफील्डला कार्यक्रम केला. महाडच्या दहनाला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. योगायोगच, पण नोंदवून ठेवण्यासारखा.

फरक मात्र मोठा आहे. तिकडची पोरं राणीला नाकारत होती. इकडचं गाणं नाकारतंही आणि कृतज्ञताही सांगतं, दोन्ही एकाच कडव्यात. तुझ्यामुळे आम्ही माणसं झालो हे जयंतीगीताचं मूळ विधान. ज्याला ते लागू नाही त्याला ते अतिशयोक्त वाटतं.

गाण्याच्या प्रसाराचा पुढचा टप्पा कव्वालीचा. मुंबईच्या चाळींत मुसलमान कव्वालांचे मुकाबले ऐकून आपल्या लोकांनी ते रूप उचललं. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. कोकणात त्याला आमचा शक्ती-तुऱ्याचा संस्कार भेटला. दोन पाट्र्या समोरासमोर, सवाल-जवाब, रात्रभर. म्हणून आमच्याकडच्या हँडबिलावर बुद्ध-भीमगीतांचा दुरंगी सामना असं छापलेलं असतं. आमच्याकडे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १४ एप्रिलला चाकरमानी मुंबईत असतो, त्याच्या वस्तीची जयंती तिथे असते. गावाला तो येतो मे महिन्यात. त्यामुळे कोकणातल्या कितीतरी वाड्यांची जयंती बुद्धपौर्णिमेला जोडून संयुक्त होते, आणि मे महिनाभर आज या वाडीला तर उद्या त्या वाडीला असं चालतं. एक गायनपार्टी महिनाभर घरी जात नाही.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे मोठ्या कंपनीची मर्जी लागायची. कॅसेट स्वस्त, छोटा स्टुडिओही काढू शकत होता. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघर गेला तो या काळात. विठ्ठलाच्या गाण्यांनी ते आधीच माहीत झाले होते. महाड-पोलादपूर हा वारकऱ्यांचा मुलूख. इथे अशी सकाळ कितीदा उजाडली आहे की वरच्या वाडीत देवळाच्या कर्ण्यावर प्रल्हाद शिंदे पांडुरंगाला आळवत आहेत आणि खालच्या वाडीत बौद्धविहाराच्या कर्ण्यावर तेच प्रल्हाद शिंदे भीमरायाला. माणूस एक, आवाज एक, कर्णे दोन. वामनदादांच्या मागोमाग, २३ जून २००४ ला, तेही गेले. पुढे त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श यांनी हा वारसा चालवला.

आता मी माझी एक चूक सांगतो. तरुणपणी वाडीच्या मंडळात ध्वनिक्षेपकाचं काम माझ्याकडे असे. पाहुणे वेळेवर आले नाहीत तर गाणं लावायचं, आले की बंद करायचं. पोरांना गाणी बसवून देताना मी सोयीसाठी शेवटचं कडवं गाळत असे. एका जयंतीला गाणं संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. मला म्हणाले, “बाळा, बापाचं नाव का कापलंस?” मला वाटलं बाबासाहेबांचं नाव राहिलं की काय. ते म्हणाले, “अरे, ज्यानं लिहिलं त्याचं. शेवटच्या कडव्यात वामन आहे तो.” मला तोवर खरोखर माहीत नव्हतं. त्यांनी मला घरी नेऊन एक वही दाखवली. त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेले पाळणे, मुंबईला ऐकून उतरवलेल्या कव्वाल्या, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यातल्या एका शब्दाखाली लाल शाईची रेघ.

शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायचं, ही आपल्या संतांची रीत. तुका म्हणे, नामा म्हणे. जिथे छापखाना नाही, करार नाही, तिथे ही कवीची सही असते. गाणं शंभर तोंडांतून गेलं तरी सही बरोबर जाते. पण ती सही कडव्याला चिकटलेली असते. कॅसेटची बाजू तीस मिनिटांची म्हटल्यावर कडवी कमी झाली, पुढे डी.जे.साठी गाणं आणखी तोडलं, आणि सर्वांत आधी शेवटचंच कडवं गेलं. आज जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा पोरांना विचारलं की हे गाणं कुणी लिहिलं, तर गायकाचं नाव सांगतात. गायकाचं चुकत नाही, पण लिहिणाऱ्याचं राहतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. आणि आपण लिहिलेल्याला आपलं नाव लागण्याचा हक्क याच कायद्यात वेगळा सांगितला आहे, पैशाच्या हक्कापासून स्वतंत्र. पण कायदा कागदावर. ज्या गाण्याची चालच दुसऱ्याची, जे चाळीच्या ओट्यावर रचलं आणि लगेच वाटून टाकलं, त्याचा हिशोब कुणी ठेवायचा?

याच्या बरोबर उलटी गोष्ट त्या चार ओळींच्या केकवाल्या गाण्याची. अमेरिकेत केंटकी राज्यात मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या दोन बहिणी होत्या. पॅटी बालवाडी चालवायची, मिल्ड्रेड चाल बांधायची. १८९३ साली त्यांनी मुलांसाठी सुप्रभाताचं एक गाणं छापलं. त्याच चालीवर पुढे वाढदिवसाचे शब्द बसले, ते कुणी बसवले ते धड ठरत नाही. १९३५ साली एका प्रकाशन कंपनीनं त्याचा हक्क नोंदवला. तो हक्क फिरत फिरत १९८८ मध्ये वॉर्नर कंपनीकडे गेला. सिनेमात हे गाणं वापरायचं तर पैसे मोजावे लागत. त्या गाण्यावरच माहितीपट करणाऱ्या एका बाईंकडे पैसे मागितले, त्या कोर्टात गेल्या, आणि २०१५ साली न्यायाधीशांनी सांगितलं की शब्दांवर कंपनीचा हक्कच सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी एक कोटी चाळीस लाख डॉलर देऊन तडजोड झाली आणि गाणं सगळ्यांचं झालं. म्हणजे ज्याचा कर्ता नक्की नाही त्या गाण्यावर ऐंशी वर्षं वसुली झाली, आणि ज्यांच्या कर्त्यानं शेवटच्या कडव्यात सही केली आहे त्या गाण्यांवर कर्त्याला बिदागीपलीकडे फारसं मिळालं नाही.

पैशापेक्षा जड किंमतही या गाण्यांनी मोजली आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकरनगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं मेली. काही दिवसांतच विलास घोगरे या शाहिरानं आपलं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांनी त्या दिवसांत सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट १४ वर्षांनी, २०११ साली पुरा झाला. गाणारी माणसं पाहायची असतील तर तो पाहावा. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं, त्यावरून वाद झाला, अशा बातम्या तेव्हा आल्या. रिंगटोन! कुणी म्हणेल गाण्यात एवढं काय आहे. ज्यांना ते सहन झालं नाही त्यांना मात्र त्यात काय आहे ते नीट कळलं होतं.

आता ती अडचण. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की धर्मातली भक्ती माणसाला तारील, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, तिथून हुकूमशाही येते. व्यक्तिपूजा त्यांना नको होती. मग पाळणा कशाला? हा प्रश्न आमच्या वाड्यांत दर दोन-चार वर्षांनी निघतो आणि त्यावर चांगली भांडणं होतात. शिकलेली मुलं म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग पाळण्यात तसबीर घालून झोके देणं काय आहे? बायका म्हणतात, झोका आम्ही देवाला देत नाही, लेकराला देतो. मला दोघांचंही पटतं. पण एवढं खरं की ज्या घरात देव्हारा निघाला त्या घरात गाणं उरलं नसतं, तर फार सुनंसुनं झालं असतं. आणि जयंतीगीतात नुसती स्तुती नसते. वामनदादांची कितीतरी गाणी आपल्याच पुढाऱ्यांना, आपल्याच फाटाफुटीला झोडपणारी आहेत. ती डी.जे.वर कमी वाजतात एवढंच.

हे गाणं आता मराठीपुरतंही राहिलं नाही. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांवर पंजाबी पॉप गाते. चेन्नईत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडचा पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. पा. रंजित या चित्रपट दिग्दर्शकानं तो उभा केला, त्यात गाना नावाचं तिकडचं वस्तीतलं गाणं, रॉक, रॅप सगळं आहे. आमच्याकडेही पोरं रॅप करतात. ऐकताना माझ्या कानाला जरा त्रास होतो. पण परवा एका मुलानं शेवटी स्वतःचं नाव रॅपमध्ये घातलेलं ऐकलं, आणि त्याला ते शेवटचं कडवं कुणी शिकवलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, सगळेच घालतात काका.

तात्यांची वही सध्या माझ्याकडे आहे. तिच्यातली पानं सुटी झाली होती, ती मी दोऱ्यानं शिवून घेतली. मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांच्याकडून एकेक गाणं म्हणवून घेतो आणि वहीतल्या पाठाशी ताडून पाहतो. लाल रेघ असलेली तीन गाणी अशी आहेत की त्यांची चाल आता वाडीत कुणालाच येत नाही. यंदा मुंबईच्या मंडळातल्या एका आजींना ती वाचून दाखवणार आहे.